तोल सांभाळणारा पट्टा

अक्काच्या पार्थिवाला शेवटचा नमस्कार करायला तिचे धाकटे भाऊ मोरेश्वरराव वाकले. ते पडताहेत असं समजून कमरेच्या स्वयंचलित पट्ट्याने त्यांना खेचून ताठ उभं केलं. ते पुन्हा वाकले, पुन्हा तेच.

"बाबा, उभ्यानेच हात जोडा ना," मुलगा निरंजन कुजबुजला.

"आधी हा पट्टा सोड!"

पट्टा सुटला आणि मोरेश्वरराव वाकता वाकताच कोसळले. पट्टा आल्यापासून पायांनी तोल सांभाळणंच सोडलं होतं.

"तोल सांभाळायचे व्यायाम शिकायला जातो म्हटलं, तर 'कशाला? पट्टा आहे ना!' म्हणालास. माझे पायच काढून घेतलेस की रे!"

उठवायला आलेला त्याचा हात त्यांनी झटकला. जिने बोट धरून चालायला शिकवलं होतं, त्या अक्काच्या पायांशी ते रांगत गेले.