दुखणं थांबलं
शिलाई मशीनच्या पायडलवर रक्ताचे डाग बघून शिंप्याची बायको घाबरली. "अहो, पाय दाखवा!" तळव्यात तुटकी सुई रुतली होती, भोवतीचं मांस काळं पडलं होतं. "अगं, मला कळलंसुद्धा नाही," शिंपी हसला. मधुमेहानं त्याचे तळवे आधी वर्षभर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत होते. बायको रोज देवापुढे पदर पसरायची, "यांचं दुखणं थांबव." मग हळूहळू आग शमली. देव पावला म्हणत शिंप्यानं गोळ्याही सोडल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी दुसऱ्या पायालाही टाचणी टोचली. "दुखतंय?" "छे! अगदी ठणठणीत!" शिंपी अभिमानानं म्हणाला. "काका, साखरेनं तुमच्या नसा मेल्यात. आग थांबली ती त्यामुळे. सुईची जखम सडलीय, तो पाय घोट्यापासून कापावा लागेल." बायकोचे हात सवयीनं जुळले आणि तसेच थबकले. "आता देवाकडे काय मागू?" तिनं डॉक्टरांना विचारलं. "दुखू दे म्हणून?"