कायमचं बंद

घड्याळजींचं दुकान झकास चालू होतं, पण फोनवरच्या नकाशात ते अचानक ‘कायमचं बंद’ दिसायला लागलं. आठवडाभर नवीन गिऱ्हाईक फिरकलं नाही. जुनी गिऱ्हाइकं मात्र धापा टाकत आली आणि वर्षानुवर्षं दुरुस्त होऊन पडलेली आपापली घड्याळं घेऊन गेली. दहा वर्षं घड्याळांनी अडवलेलं बायकोचं कपाट चार दिवसांत रिकामं झालं.

“माझ्या पोटावर पाय दिला कुणी?” घड्याळजी लेकीवर खेकसले. “चिमे, आत्ताच्या आत्ता ते चालू कर!”



“थांब गं चिमे,” कपाटात चादरी रचत बायको म्हणाली, “बंद मीच केलंय. पलंगाखालची तीन घड्याळं गेली, की चालूही मीच करते.”