शेजारचा पट्टा

घरात नवी गाडी आली, तेव्हा दोन जुन्यांपैकी एकच अडीनडीला ठेवायची असं ठरलं. लाल की पांढरी, याचं गुऱ्हाळ नवरा-बायकोत कितीतरी दिवस चाललं होतं.

लाल गाडी तशी धडधाकट, पण शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला नाही, की टीं-टीं करून डोकं उठवायची. मेकॅनिकने सीट उघडून पाहिली. "साहेब, यात काही बिघाड नाही. कुणी बसलं असेल तरच हे वाजतं," असं म्हणून तो हात पुसत निघून गेला. तेव्हापासून नवरा रोज रिकाम्या सीटला निमूटपणे पट्टा लावून कामावर जायचा. डोकं लढवायला अंगात त्राण कुठे होतं?

"अहो, ती रडकी काढा एकदाची," बायको म्हणाली. "पांढरी खटारा असली तरी तोंड मिटून चालते."

पांढरी होतीच इतकी जुनी, की पट्ट्यासाठी वाजायची सोयच तिच्यात नव्हती.

आज दुपारी गिऱ्हाईक लाल गाडी घेऊन गेलं. पट्ट्याचं सांगायचं राहिलं, म्हणून नवरा फाटकात कान देऊन उभा राहिला. गिऱ्हाईक एकटंच होतं, शेजारचा पट्टा नुसता लोंबत होता. गाडी वळणाआड गेली, पण एकदाही वाजली नाही.

पांढरी सावलीत घ्यावी म्हणून तो तिच्यात बसला. दार ओढलं आणि थकून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आत अगदी शांत होतं.

मग शेजारचा पट्टा सावकाश ओढला गेला, आणि खट्कन लागला.