टोकन एकतीस

दवाखान्यात खुर्च्या किती लागतील, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत सोपी असते. संगणक मनाला येईल ते आकडे काढतो, त्या आकड्यांप्रमाणे खोटे रुग्ण येतात, बसतात, तपासून घेतात आणि घरी जातात. खऱ्यांपेक्षा शिस्तीचे असतात.

दवाखान्यातच एका कोपऱ्यात बसून मी असे हजार दिवस चालवून पाहिले. दर वेळी गर्दी वेगळी, वेळा वेगळ्या. पण रोज दवाखाना बंद होताना टोकन एकतीसचा रुग्ण तिथेच बसलेला. तपासलेला नाही, गेलेलाही नाही.

"असतो एखादा चिवट," डॉक्टर म्हणाले.

मी अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. एकतीस हलेना.

दुपारी बायको गुडघा दाखवायला आली. तिच्या हातात टोकन होतं, एकतीस.

"आण इकडे. तू घरी जा, उद्या दाखवू."

"अहो, लंगडत आलेय मी!"

"जा म्हणतो ना."

"आकड्यांना घाबरता? आणि म्हणे गणितात एमएस्सी!"

ती कुरकुरत दाराबाहेर पडली, तेव्हा कुठे मी हुश्श करून बसलो. ऊन मऊ होतं, पंखा पेंगत होता. एकेक करून रुग्ण गेले, डॉक्टरही गेले. टोकन माझ्या मुठीत कोमट झालं होतं.

सिस्टर दिवे मालवत आल्या.

"सिस्टर, मी आहे अजून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गेले एकदाचे सगळे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मी बसलो होतो ती खुर्ची तशीच उचलून बाकीच्या खुर्च्यांवर रचली. त्यांना ती जरासुद्धा जड लागली नाही.