कोकिळाचं रडणं

माय ओट्यावर टेकली आणि कोकिळाचं रडणं थांबलं. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं, एका दमात.

किशनराव मास्तरांनी सुस्कारा सोडला. आज नववा दिवस. चावडीत शाळा उघडून नऊ दिवस झाले होते आणि बाकीची एकवीस लेकरं केव्हाच रुळली होती. कुणाला मास्तरांनी भुईमुगाच्या शेंगा दिल्या, कुणाला मांजराचा आवाज काढून दाखवला, कुणाला दोन दिवस नुसतं मांडीवर घेऊन बसले. छडी त्यांनी आणलीच नव्हती. ते स्वतः शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूतून. पहिल्या दिवशी एक शब्द कळेना म्हणून रडले, आणि रडले म्हणून मार खाल्ला. आता राज्य बदललं होतं, शाळा मराठी झाली होती. आपल्या शाळेत लेकरू रडणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि ही सहा वर्षांची कोकिळा रोज गल्ली डोक्यावर घेत यायची. माय बसली की गप्प. माय उठायला लागली की पुन्हा सुरू.

तिची आजी धुरपदाबाई मोठी कडक बाई. घर, शेत, लेक, सून, सगळं तिच्या मुठीत. गावच्या आबासाहेब पाटलांनी घरटी एक लेकरू शाळेत घाला म्हटलं म्हणून तिनं नातीला धाडलं होतं, एवढंच. पण कोकिळा होती नवसाची. लग्नाला सात वर्षं होऊन सुनेची कूस उजवेना, तेव्हा धुरपदाबाईनं पोखर्णीच्या नरसिंहापुढं पदर पसरला होता. नवसाच्या लेकराला रडू दिलं तर देव रुसतो, अशी तिची धारणा. म्हणून पहिल्या दिवशी कोकिळानं आकांत मांडला तेव्हा तीच सुनेला म्हणाली होती, "बस बाई तिच्याजवळ. रुळली की ये खुरपायला."

सून म्हणजे नर्मदा. तिला आठवा महिना लागला होता. ओट्यावर ती खांबाला पाठ लावायची, सुजलेले पाय लांब करायची आणि पाटीवर पहिलं अक्षर उमटायच्या आत तिचे डोळे मिटायचे. मास्तरांना त्याचा राग यायचा. लेकरू रुळावं म्हणून बाईनं काही करावं, तर ही आपली झोपते.

त्या दिवशी त्यांनी एक युक्ती केली. चिंचोके मोजायला आणू म्हणून सगळ्या लेकरांना चावडीच्या मागं चिंचेखाली पिटाळलं. मग नर्मदेला उठवलं.

"जा तुमी आता. तुमी हायेत तवर ती काई रुळत न्हाई. उद्यापासून येऊ नका."

नर्मदा दचकली. खांबाला धरून उठली, पदर सारखा केला आणि भिंतीच्या आधारानं हळूहळू गल्लीला लागली.

लेकरं ओंजळी भरून परत आली. कोकिळानं रिकामा ओटा पाहिला. मास्तरांनी मनाची तयारी केली. खिशात गुळाचा खडासुद्धा होता.

कोकिळा रडली नाही. जागेवर बसली आणि चिंचोके मांडायला लागली. एक, दोन, तीन.

मास्तरांना आनंद आवरेना. ते तिच्यापुढं उकिडवे बसले. "बघ बरं! माय रानात गेली तरी रडली न्हाईस. शहाणी झाली माजी कोकिळा."

"आता रडून काय करू मास्तर?" कोकिळा मान वर न करता म्हणाली. "रानात ऐकू जायचं न्हाई."

"म्हंजे?"

"मी रडले तरच आजी मायला बसू देती. न्हाईतर मायला खुरपायला जावं लागतंय. तिचे पाय लय दुखायलेत."

तिला द्यायला काढलेला गुळाचा खडा मास्तरांनी तसाच मुठीत धरला. मग उठले आणि अनवाणीच बाहेर पळाले.

गल्लीच्या तोंडाशी धुरपदाबाई उभी होती. तिच्या हातात दोन खुरपी. त्यातलं एक तिनं सुनेपुढं धरलं होतं. "रुळली ना एकदाची? चल मग. निम्मा कापूस तणात बुडालाय. आमी न्हाई का बाळंत होईस्तोर राबलो?"

"मावशी, थांबा!" मास्तरांना धाप लागली होती. जन्मात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं आवाज भलताच मोठा निघाला. "सुनबाईला कुठं नेता? ही उठली तसं लेकरानं आकांत मांडलाय. गपच व्हायना."

धुरपदाबाईनं चावडीकडं कान दिला. "काय थट्टा करायले काय मास्तर? मला तर काईच ऐकू येईना."

चावडी शांत होती. नर्मदा मान खाली घालून उभी. मास्तरांनी वळून बघितलं. चावडीच्या दारात कोकिळा उभी होती, एका हातात चिंचोके गच्च धरून. तिनं मास्तरांकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आजीच्या हातातल्या दोन खुरप्यांकडं पाहिलं.

मग तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की पिंपळावरचे कावळे उडाले.

"अगं बया!" धुरपदाबाईनं दुसरं खुरपं मागं ओढलं. "जा गं सुनबाई, जा लवकर, बस जा तिच्याजवळ. मास्तर, किती दिवस चालायचं हो हे?"

"लेकरू लय हळवं हाय, मावशी," मास्तर म्हणाले. "दोन महिने तरी लागतील."

नर्मदेला ओट्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. तोवर कोकिळा रडत होती, आणि किशनराव मास्तर तिला गप्प करायला गेले नाहीत.