लाल गिटारीची गुरगुर

"घेतोस का न्हाय तेवढं सांग," अमरेश म्हणाला आणि लाल गिटार काउंटरवर ठेवून दोन पावलं मागं सरला.

राजारामपुरीतल्या वाद्यांच्या दुकानाचा मालक आकाराम हसला. "गिटार हाय का घोणस? तुझ्या ऑर्केस्ट्रातली निम्मी पोरं ह्या मॉडेलवर जीव टाकत्यात, आणि तू लांब उभारलायस."

"एकानं खरंच टाकलाय."

आकारामचं हसू गेलं. ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती. गेल्या गणपतीत गडहिंग्लजला, पावसानं ओल्या झालेल्या स्टेजवर, हीच गिटार वाजवता वाजवता प्रसेनजीत कोसळला होता. तारांतून शॉक बसला, असं डॉक्टर म्हणाले. लोक मात्र गिटारीकडं बोट दाखवत राहिले. प्रसेनजीतच्या घरच्यांनी ती अमरेशच्या हातात दिली. "त्याचा जोडीदार तू. तूच वाजव."

अमरेशच्या आईनं, रत्नव्वानं, ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. तोड काढली ती त्याच्या वडिलांनी, आप्पांनी. बसलिंगाप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर शेतीपंप उघडायचे, आणि संध्याकाळ झाली की हात धुऊन मठात, शिवकीर्तनाच्या पहिल्या रांगेत.

"आज माझ्या दुकानात राहू दे," ते म्हणाले होते. "विभूती लावून आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली. कपाळावर ओढावीत तशी विभूतीची तीन बोटं लाल रंगावर उमटली होती.

त्या दिवसापासून गिटार गुरगुरू लागली.

ॲम्प्लिफायर चालू केला की सुरुवात. गाणं असो नसो, खालून एक घुमणारा, चिवट आवाज. प्रसेनजीतच्या हातात ती अशी कधी गुरगुरली नव्हती. अमरेशला वाटायचं, आत कुणीतरी दात आवळून बसलंय.

आप्पांना सांगितलं की ते शांतपणे म्हणायचे, "गुरगुरू दे की."

"लोक हसत्यात, आप्पा."

"हसू देत. ही गिटार सोडून दुसरी हातात धरायची न्हाय. माझी शपथ हाय तुला."

इतकी माया आप्पांना त्या गिटारीची का, हे अमरेशला कधी कळलं नव्हतं. कधी कधी त्या मायेची त्याला भीतीच वाटायची.

आकारामनं स्क्रू काढून गिटारीची झाकणी उचलली आणि बॅटरीचा झोत आत टाकला.

"हे बघ. गिटारीच्या तारा मशिनला, ॲम्प्लिफायरला जोडणारी वायर. तुटली न्हाय, कापलीया. पकडीनं."

"कुणी?"

"ऑर्केस्ट्रात तुझ्यावर जळणारं कोण हाय, ते तू आठव. तारांचा आणि मशिनचा संबंधच तोडलाय. म्हणून गुरगुरत्या. जोडून देऊ?"

"नको. मला तीच नको. तसलीच दुसरी दे. लाल, हाच आकार."

"कुणाला कळू नये व्हय रं?"

"आप्पांना."

सोमवारी मठात कीर्तन होतं. बुवांनी पहिल्यांदाच गिटारीला मान दिला होता. माझं पोरगं एकदा तुमच्या मागं वाजवू दे, असा हट्ट आप्पांनीच धरला होता. देवाच्या नामाखाली ती गुरगुर अमरेशला नको होती. आप्पांना आधी काही सांगायचं नव्हतं. त्यांनी ते कानांनीच ओळखावं.

"डोळं भरून येतील बघ म्हाताऱ्याचं," आकाराम म्हणाला आणि कपाटातून नवी गिटार काढली.

श्रावणातला शेवटचा सोमवार. मठाची फरशी नुकतीच धुतलेली, अजून पाणी निथळत होतं. ऑर्केस्ट्रात घालायचे रबरी तळाचे बूट अमरेशनं पायरीशी काढून ठेवले. बुवांच्या जागेवर पायताण घालून कोण चढेल? ओल्या फरशीचा गारवा थेट तळव्यांना लागला.

ॲम्प्लिफायरचा प्लग बोर्डात बसेना. मांडववाल्यानं तो कापून टाकला, दोन वायरी भोकांत खुपसल्या आणि काडेपेटीच्या काड्या दाबून घट्ट केल्या. तिसरी, अर्थिंगची वायर तशीच लोंबत राहिली.

"चालतंय का हे?" अमरेशनं विचारलं.

"गेलं सात मांडव असंच चालिवलंय. तू देवाचं वाजव."

पहिल्या रांगेत आप्पा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "ऐका आता, पावणं. माझं पोरगं हाय." आणि त्यांनी डोळे मिटले.

बुवांनी नमन धरलं. आवाज असा लागला, की भिंतीचे दगडसुद्धा कान देऊन बसावेत. मृदंग आला, चिपळ्या आल्या. अमरेश गिटार गळ्यात घालून हात जोडून उभा होता. बुवांची खूण होईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, ही मठाची रीत. ॲम्प्लिफायरचा तांबडा दिवा लागला होता.

गुरगुर नव्हती. नामाखाली नुसती स्वच्छ शांतता.

अमरेश आप्पांचा चेहरा न्याहाळत होता.

आप्पांचं हसू थांबलं. त्यांनी मान तिरकी करून कान दिला. मग डोळे उघडले. गिटार लाल होती, पण तिच्यावर विभूतीची तीन बोटं नव्हती. त्यांची नजर पोराच्या ओल्या, अनवाणी पायांवर गेली. तिथून लोंबत्या वायरीवर.

बुवांनी मान हलवली. अमरेशनं जोडलेले हात सोडले.

आप्पा धडपडत उठले, मृदंगवाल्याला ढकलून पुढं झाले. काहीतरी ओरडत होते. "भरून आलं बघा म्हाताऱ्याला," मागं कुणीतरी कौतुकानं म्हणालं आणि लोकांनी टाळ्यांचा ठेका आणखी वाढवला.

अमरेशला ते बघून धन्य वाटलं. तो आप्पांकडं बघून हसला आणि त्यानं हात तारांकडं नेला.

"अमऱ्या, हात लावू नको! ह्या गिटारीची वायर मी कापलेली न्हाय!"