पातळ पडदा

"काय त्रास होतो, रंभीबेन?" डॉक्टर वसावडांनी विचारलं.

उत्तर पडद्याबाहेर, नंबर लावून बसलेल्या बायकांच्या बाकावरून आलं. "लोणचं फार खाते, साहेब. पित्तच असणार."

"पित्त कसलं? सून आहे तिला!" दुसरी म्हणाली. बाकावर खसखस पिकली.

रंभीबेन उठली. "जाऊ द्या साहेब. बरी आहे मी."

"उद्या सकाळी लवकर या. कुणी नसेल."

"आज यायलाच दोन वर्षं लागली. पुन्हा नाही यायची मी."

डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. "जरा अंगणात बसता का सगळ्या?"

"या उन्हात?" जीवीबा म्हणाल्या. बाकावर सगळ्यांत थोरल्या त्याच. "गिऱ्हाईक कमी पडतंय का तुम्हाला?"

"मग जे ऐकाल ते कुठं बोलणार नाही, असा शब्द द्या."

जीवीबांनी बाकावरच्या एकेकीकडे नीट बघितलं. "माझा संध्याकाळपर्यंतचा देते. ह्यांचा मुळीच नाही."

"मग ती न सांगताच परत जाईल, बा."

पडद्याखालून रंभीबेनची पावलं दिसत होती. चपला घातलेली, दाराकडे वळलेली. जीवीबांनी ती पाहिली.

"जा आत," त्या म्हणाल्या. "गप्प बसणं आम्हाला जमायचं नाही. ओरडणं जमेल."

आणि त्यांनी टाळ्या वाजवत गरब्याचं गाणं धरलं. बाक पाठोपाठ गायला लागला.

आत डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. रंभीबेन आधी कंबरेबद्दल बोलली, मग झोपेबद्दल. तेवढ्यात बाहेर गाणं थांबलं. तीही थांबली.

"पुढचं येतं का कुणाला?" जीवीबांचा आवाज. "नाही? मग पहिल्यापासून! आणि मंगू, तू नुसत्या टाळ्या वाजव. तुझ्या गळ्यानं देवी उठून जाईल."

रंभीबेनला हसू फुटलं. हसता हसता ती एकदम गुडघे जुळवून बसली.

"हेच," ती म्हणाली. "हसलं की, खोकलं की, लघवी सुटते. म्हणून चारचौघींत हसणंच सोडलंय."

"याला इलाज आहे. बाळंतपणांनंतर बऱ्याच जणींना होतं हे."

रंभीबेन पुढे सरकली. डोळे चमकले. "आपल्या गावात? कुणाकुणाला, साहेब?"

डॉक्टरांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालात? बाहेर फार आवाज आहे."